'सून' येणार म्हणे!

शनिवारी सकाळी फ्रिज बसला. मे महिना, फ्रीजरमध्ये दोन लिटर पायरीचा रस, आणि फोनवरची मुलगी मधाळ आवाजात म्हणते, "सर, आमचे टेक्निशियन व्हेरी सून पोहोचतील."

आज मंगळवार आहे.

फोन स्पीकरवर होता. आतून आईनं विचारलं, "कुणाची सून येतेय रे?" म्हटलं, आई, खरी सून असती तर एव्हाना माप ओलांडून, सत्यनारायण उरकून माहेरीसुद्धा जाऊन आली असती.

रोज तेच. तेच डबडं संगीत, वीस मिनिटं. मग तीच मुलगी, की तिची जुळी बहीण, देव जाणे. "सर, तुमची तक्रार हाय प्रायॉरिटीवर आहे. सून." काल दुपारी खुद्द टेक्निशियनचा फोन आला. "साहेब, नाक्यावरच आहे, आलोच." कुठल्या नाक्यावर? वाघा नाक्यावर? मी पंख्याखाली बनियनवर बसून होतो, उठून शर्ट घातला. रात्री दहाला काढला.

इंग्रजीत एम.ए. केल्याचा आयुष्यात एकच उपयोग झालाय, तो म्हणजे कोण आपल्याला कसं फसवतंय हे जास्त नीट कळतं. हा 'सून' जुन्या इंग्रजीत 'सोना' होता आणि त्याचा अर्थ होता 'लगेच'. आत्ताच्या आत्ता. पिढ्यानपिढ्या लोक 'लगेच लगेच' म्हणत राहिले आणि जागचे हलले नाहीत, तेव्हा बिचाऱ्या शब्दानंच हात टेकले आणि 'कधीतरी येईल बुवा' असा झाला. आणि 'व्हेरी'? तो आला फ्रेंचमधून, मूळ लॅटिन 'व्हेरुस'. म्हणजे खरा! 'व्हेरी सून' म्हणजे मुळात 'खरोखर लगेच'. दोन शब्द, दोन्ही खोटे. अशी कामगिरी नुसत्या 'हो साहेब'नं जमत नाही.

'प्रेझेंटली'चीही हीच गत. 1611 च्या इंग्रजी बायबलात येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो आणि झाड 'प्रेझेंटली' वाळतं. तिथल्या तिथे, उभ्या उभ्या. पुढे त्याच शब्दाचा अर्थ 'थोड्या वेळानं' झाला. त्याच बायबलात हेरोदियाची मुलगी राजाकडे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात मागते, तेही 'बाय अँड बाय'. तेव्हा अर्थ होता 'ताबडतोब', आणि तिला ताबडतोब मिळालंही. हीच मागणी आमच्या कस्टमर केअरकडे नोंदवली असती तर योहान म्हातारा होऊन अंथरुणात गेला असता.

सगळ्यात जवळचा वाटतो तो शेक्सपिअरचा फ्रान्सिस. 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात गुत्त्यावर काम करणारा पोऱ्या. आतल्या खोलीतून गिऱ्हाईक बोंबलतंय आणि हा जागेवरूनच ओरडतो, "अनॉन, अनॉन, सर!" मुळात 'अनॉन' म्हणजेही तत्क्षणी बरं का. फ्रान्सिस, बाबा, चारशे वर्षं झाली, तू आहेस कुठे? नाक्यावर?

आणि आपण मराठीवाले काही कमी नाही. शिंपी: "शुक्रवारी नक्की." कुठला शुक्रवार ते कधी विचारू नये, पाप लागतं. बिल्डर: "लवकरच ताबा." त्या 'लवकरच'मधल्या 'च'वर माझा विशेष राग आहे. जिथे शब्दाला 'च'चं ठिगळ लागलं तिथे शब्द फाटलाय म्हणून समजा. आलोच, निघालोच, झालंच. फलाटावरच्या रेकॉर्डमधल्या बाईंचं "थोड्याच वेळात"ही त्यातलंच. आणि 'एवढ्यात'! एवढ्यात आला होता, एवढ्यात येईल, एवढ्यात येणार नाही. भूत, भविष्य आणि नकार, तिन्हीकडून पगार घेतो.

'लिटरली', म्हणजे मुळात 'शब्दशः' आणि आता नुसती अतिशयोक्ती, त्याबद्दल मी आज बोलत नाही. डॉक्टरनी बीपी तपासत राहायला सांगितलंय.

हे सगळं मी बायकोला हातवारे करून सुनावलं. जुनी इंग्रजी, अंजीर, फ्रान्सिस, सगळं. तिनं शांतपणे फ्रिजखालचं पाणी फडक्यानं टिपलं, पिळलं, आणि विचारलं, "बाथरूमचा नळ दुरुस्त करायला वॉशर आणलास का? गुढीपाडव्याला 'आत्ता आणतो' म्हणाला होतास."

'आत्ता'मधल्या त्या दोन 'त'चा इतिहास सांगायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

रस वाया गेला नाही, हे नमूद करतो. आंबायच्या आत संपवायला हवा म्हणून रविवारी पाच वाट्या एकट्यानं ओढल्या. सोमवारी सकाळपासून मात्र कुठे जायचं ते 'सोना' जावं लागतंय, अगदी जुन्या इंग्रजीतल्या अर्थानं. टेक्निशियन नेमका तेव्हाच बेल वाजवणार, लिहून ठेवा.