‘जुन्या गड्याला फुल्ल काम द्या, अंग आपोआप सुटतंय’ : कुठं चुकतं?

गुऱ्हाळं पेटायची वेळ झाली, मधे घरी बसलेले जुने गडी कामावर परतायला लागले की कोल्हापूरकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो : “जुन्या गड्याला काय शिकवायचं? पहिल्या दिवसापासून फुल्ल काम द्या, दोन दिवसांत अंग सुटतंय. दुखलं तर आणखी उचला. कमरेला पट्टा आवळा. कामात पाणी पिऊ नका.”

“दोन दिवसांत अंग सुटतंय.” यात अर्धं खरं आहे. एकदा कमावलेली ताकद नवख्यापेक्षा लवकर परत येते. पण ती स्नायूंची. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती सावकाश घट्ट होते. आठवड्याभरात गडी “आता जमतंय” म्हणतो आणि खांदा किंवा कोपर नंतर धरतो. नवखा निदान बिचकत उचलतो. जुन्याच्या हातात पकड आणि लय असते, वर टोळीचा वेग मोडायची लाज, त्यामुळे तो जास्तच अडकतो.

गुळाचा मोठा रवा, म्हणजे ढेप, 30 किलोंची. चार महिने घरी बसलेला गडी पूर्वी दिवसाला 160 रवे उचलत असेल, तर पहिल्या आठवड्यात 80, दुसऱ्यात 120, तिसऱ्यात पूर्ण. सकाळचे पहिले दहा दोघांनी मिळून घ्यावेत. कंबर सर्वांत जास्त जाते ती जमिनीवरून वाकून उचलताना आणि बोजा हातात धरून पिळा घेताना. थप्पी गुडघ्याच्या उंचीच्या फळीवर रचली आणि वळताना पाय फिरवले, तर निम्मं काम झालं.

खरी अडचण पैशाची आहे. मजुरी नगावर असते, कमी उचललं तर वाटा कमी. म्हणून मुकादमानं पहिले पंधरा दिवस त्याला वजनकाट्यावर किंवा पोती शिवायला आलटून-पालटून लावावं, वाटा तोच ठेवून. एक गडी महिनाभर घरी बसला तर टोळीचं यापेक्षा जास्त नुकसान होतं.

“पाणी पिऊ नका.” हे सर्वांत घातक. चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीत, चिपाडं सारणारा गडी आणि रस उकळणाऱ्या काहिलीपाशी उभा राहणारा गुळव्या (गूळ बनवणारा कारागीर) यांची उष्णता सोसायची सवय महिनाभराच्या खंडात जवळजवळ पुसली जाते. परतलेल्या अनुभवी माणसाला पहिल्या दिवशी धगीपाशी नेहमीच्या निम्मा वेळ, दुसऱ्या दिवशी 60 टक्के, तिसऱ्या दिवशी 80, चौथ्या दिवशी पूर्ण. दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागायची वाट न बघता.

“पट्टा आवळा.” अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेनं 1994 मध्येच सांगितलं, की धडधाकट माणसाची कंबर पट्ट्यानं वाचते याला पुरेसा पुरावा नाही. उलट पट्टा बांधलाय म्हणून माणूस जास्त उचलायला जाईल, ही भीती.

“दुखलं तर आणखी उचला.” कोणतं दुखणं, ते बघा. दोन्ही मांड्या, दोन्ही दंड सारखे ठणकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढून मग ओसरतात, ते चालतं. हलकं काम चालू ठेवा. एकाच जागी सुरी खुपसल्यासारखी कळ, सूज, पायात उतरणाऱ्या मुंग्या : त्या दिवशी उचलणं बंद. आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, किंवा बैठकीची जागा बधिर होऊन लघवी अडली, तर घरगुती लेप लावत बसू नका. त्याच दिवशी कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा.