किल्लारीचा नकाशा ऐकीव माहितीवर काढला का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. किल्लारीच्या भूकंपाच्या तीव्रतेचा, म्हणजे कोणत्या गावाला किती हादरा बसला याचा, जो नकाशा मी दिला होता, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. यंत्रांनी मोजलेलं 6.2 हे मॅग्निट्यूड असताना लोकांच्या आठवणींवरून सारख्या तीव्रतेच्या गावांभोवती रेषा कशाला काढायच्या, हा एक. आणि जिथली एकही नोंद नाही अशा भागावरूनही मी रेषा ओढली, हा दुसरा.

दुसरा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. उमरग्याच्या खाली, कर्नाटकच्या हद्दीकडे माझ्याजवळ नोंदी नव्हत्या, तरी मी वर्तुळ पुरं केलं. तिथे तुटक रेषाच हवी होती. चूक माझी, आज दुरुस्त करतो.

पहिला मात्र पटत नाही. भूकंपाचं मॅग्निट्यूड म्हणजे मुळात तो केवढा मोठा होता याचं माप; किल्लारीत धरा नाहीतर पुण्यात धरा, एकच. कोणत्या गावाला किती हादरा बसला हे त्यातून कळत नाही. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. याचं उत्तर मॅग्निट्यूडमध्ये शोधून मिळणार नाही. ते तिथल्या गाळाच्या जमिनीत आणि इमारतींच्या बांधणीत आहे.

शिवाय आठवण म्हणजे ऐकीव गप्पा नव्हेत, नीट विचारलं तर. तीव्रता ठरवायच्या एमएसके मापनात बारा पायऱ्या आहेत आणि दगडमातीचं, विटांचं, आरसीसीचं घर वेगवेगळं धरलं जातं. म्हणून ‘घर पडलं’ एवढ्यावर भागत नाही. औसा तालुक्यातल्या माझ्या आत्याला मी विचारलं तेव्हा ती आधी एवढंच म्हणाली, “सगळं गेलं की रे.” मग एकेक विचारत गेलो. भिंत दोन हात रुंद, दगडमातीची. तिचा बाहेरचा थर फुगून अंगणात पडला, आतला उभाच राहिला. माळवद (मातीचं सपाट छत) पेलणारे लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी. उतरंडीची वरची दोन मडकी फुटली, खालची शाबूत. एवढ्यावर त्या गावाची पायरी बरीच नेमकी ठरवता येते. भिंतीच्या दोन थरांना बांधणारा आरपार दगड नव्हता, हेही त्यातच कळतं. त्या भागातली हजारो घरं याच उणिवेने गेली.

वेळेचाही उपयोग होतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3.56, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसं गाढ झोपेत. कोण आपोआप जागं झालं, कोणाला हलवून उठवावं लागलं, एवढ्यानेही लांबच्या गावांच्या पायऱ्या लावता येतात.

आणखी एक. बांधकामाच्या मानकातले भूकंपविभाग, म्हणजे धोक्यानुसार पाडलेले देशाचे भाग, हेही तेव्हा तीव्रतेवरच बेतलेले होते. 1993 मध्ये किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती! पुढे 2002 मध्ये पहिला विभागच रद्द झाला आणि तो भाग तिसऱ्यात गेला. म्हणून गावोगावच्या नोंदी मला इतक्या मोलाच्या वाटतात. त्या मिळवायच्या राहिल्या की नकाशावर ती जागा सुरक्षित दिसायला लागते.

तुमचं आजोळ उमरग्याकडचं आहे असं तुम्ही लिहिलंय. घरी कोणी त्या रात्री तिथे होतं का? भिंत कशाची होती, छत माळवदाचं की पत्र्याचं, आणि फळीवरची भांडी पडली की नुसती वाजली, एवढं विचारून कळवा. दक्षिणेकडची रेषा तोवर तुटकच ठेवतो.