डिप्लोमा केला की रस्ता बंद, असं कुणी सांगितलं?

‘दहावीच्या पालकांनो, वेळीच जागे व्हा’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. गल्लीच्या, तालमीच्या, भावकीच्या. मी बघून सोडून दिला असता. पण तो दाजींनी वाचला, आणि पॉलिटेक्निकचा फॉर्म भरायला निघालेली भाची घरात बसली. ‘मामा, मी काय करू सांग. पप्पा सायन्सच घे म्हणाल्यात,’ असा तिचा फोन आला. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सायन्स हा एकच रस्ता. डिप्लोमा घेतला की पदवी विसरा, वर वर्षंही वाया. आयटीआय नापासांचं, मुलींनी तर तिकडं फिरकूही नये. आर्ट्स-कॉमर्सला स्कोप नाही. आणि सगळ्यात खाली एका क्लासचा नंबर, ‘जागा मर्यादित, निकालाची हमी’. क्लासचं नाव मी देत नाही, फुकटची जाहिरात कशाला.

सगळ्यात धादांत खोटी गोष्ट डिप्लोमाची, म्हणून आधी तीच. दहावीनंतर डिप्लोमा तीन वर्षांचा. तो झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे आणखी तीन वर्षं. एकूण सहा. अकरावी-बारावी करून गेलं तर दोन अधिक चार. तेही सहाच. मग वाया गेलेली वर्षं कुठली, हे लिहिणाऱ्यानंच बोटांवर मोजून दाखवावं. पदवीही तीच, त्याच विद्यापीठाची.

‘पण सीईटी?’ हा दाजींचा प्रश्न. नाही लागत. राज्याच्या सीईटी सेलची थेट द्वितीय वर्ष प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडा. मराठीत ‘माहितीपुस्तिका’ म्हटलं की कुणी उघडत नाही हे ठाऊक आहे, तरी उघडा. डिप्लोमात किमान 45 टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला 40, आणि गुणवत्ता यादी लागते ती डिप्लोमाच्याच गुणांवर. मंजूर जागांच्या 10 टक्के जागा या मुलांसाठी जादा असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा मिळतात. रस्ता बंद असता तर सरकारनं ही पुस्तिका कुणासाठी काढली असती? उलट जो मुलगा मध्येच थांबला त्याच्या हातात तीन वर्षांनी नोकरीला चालणारी पदविका असते. बारावी सायन्सनंतर थांबलेल्याच्या हातात काय असतं, ते आपापल्या गल्लीत बघा.

हां, एक कबूल करतो, नाइलाजानं. चांगल्या कॉलेजात या जागांसाठी चुरस असते, आणि थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या बऱ्याच मुलांना तिथलं गणित जड जातं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातही गणितात विषय राहणारे कमी नसतात. सोपा मार्ग म्हणून कुणी डिप्लोमाला जात असेल तर जाऊ नये. पण अवघड असणं वेगळं आणि बंद असणं वेगळं.

मुलींच्या खर्चाचंही मेसेजमध्ये रडगाणं आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ताच काढायला टाका, तहसीलला गर्दी झाल्यावर पळापळ नको.

आयटीआयवर तर लिहिणाऱ्यानं कहर केलाय, ‘फौंड्रीत माती उपसायची का?’ हे कोल्हापुरात बसून लिहायचं! शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहती कुणाच्या हातावर चालतात? कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, आला की तो फिक्स्चरमध्ये, म्हणजे पकडीत बसवायचा, टूलचे ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची टूलची मापं, घ्यायचे, बोअर, म्हणजे मापात भोक, मारायचा आणि बोअर गेजनं तपासायचा. ड्रॉइंगवर मापात फक्त 20 मायक्रॉनचा फरक चालणार असेल आणि ऑफसेट चुकला, तर अख्खा जॉब भंगारात. हे काम येणारी व्हीएमसीवरची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरची पोरगी ‘नापास’ वाटत असेल तर तसं वाटून घ्या बापडे.

वेल्डरसारख्या काही ट्रेडना दहावी नापास चालतो, एवढंच त्यात खरं. इलेक्ट्रिशियन, फिटरला दहावी पासच लागतं, आणि सरकारी संस्थेत जागा गुणवत्तेनं भरतात. 30 टक्के जागा मुलींना राखीव आहेत. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे तिथूनही पदवीपर्यंत वाट आहे. सुरुवातीचा पगार कमी असतो, काही वर्कशॉपमध्ये पहिले सहा महिने झाडूच हातात येतो, हेही खरंच. पण अप्रेंटिसला विद्यावेतन देणं 1961 च्या कायद्यानं बंधनकारक आहे, ती मालकाची मेहेरबानी नव्हे.

आर्ट्स-कॉमर्सचं दोन ओळींत. यूपीएससीला कुठलीही पदवी चालते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉला आणि सीए फाउंडेशनला शाखेची अट नाही. एनडीएत भूदलाला कुठल्याही शाखेची बारावी चालते, हवाई दल आणि नौदलाला मात्र फिजिक्स-केमिस्ट्री-गणित हवं. डॉक्टर व्हायचं असेल तर बायॉलॉजीसह सायन्स घ्यावंच लागेल, त्यात वाद नाही. माझ्या भाचीला डॉक्टर व्हायचं नाही. तिला मोटर उघडून बघायची असते.

आता ती ‘निकालाची हमी’. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत क्लासनी रँक किंवा गुणांची हमी देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. मुलानं मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी, असंही त्यातच आहे. दाजींनी ‘सीट बुकिंग’ म्हणून काही भरलंच असेल, तर पावती आणि परताव्याची अट लेखी मागून घ्यावी. आणि भाचीचा पॉलिटेक्निकचा फॉर्म मुदतीच्या आत भरावा. कागदपत्रं पडताळणीला मी सोबत येतो.