‘एक जुना भटक्या’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्कॉटलंडमधल्या ग्लेन को या दरीच्या डोंगरधारेवरच्या माझ्या लेखाखाली गेल्या आठवड्यात ‘एक जुना भटक्या’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. आधी वाटलं, सोडून द्यावं. बायकोही म्हणाली, सोड. पण तीन दिवस भांडी घासताना मनातल्या मनात उत्तरं देतोय, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो.

जे बरोबर ते बरोबर. धारेवरचं शिखर स्गोर नाम फियानी, त्याची उंची मी ९७६ मीटर लिहिली होती, ती ९६७ आहे. आकडे उलटे पडले, दुरुस्त केलेत. धारेचं नाव ‘आओनाच ईगाच’ लिहिलं, हेही चूक. इंग्रजी अक्षरं दिसली तशी वाचली. गेलिकमध्ये शेवटी ‘च’ नाही, घशातला ‘ख’ आहे. ऊनाख एगाख, म्हणजे खाचाखाचांची धार. आभारी आहे. मी चूक कबूल करायला लाजणारा माणूस नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावं.

आता मुख्य गोष्ट. आपण लिहिता, “सह्याद्रीत चार किल्ले केलेल्या माणसाने हरिहरच्या पायऱ्यांची उपमा देऊन लोकांना असल्या धारेवर पाठवू नये.”

चार किल्ले. हे ‘चार’ आपण कुठून मोजून आणलेत?

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड मी तीनदा केलाय, त्यातला एकदा भर पावसाळ्यात, जो करायला नको होता हे मान्य. अलंग-मदन-कुलंग कॉलेजात असताना केलं, चार जणांत दोन बॅटऱ्या आणि एक पातेलं घेऊन. ढाकच्या बहिरीला कातळावर दोर धरून लोंबकळत असताना वर पुजेला निघालेले एक काका चप्पल घालून माझ्या बाजूने निघून गेले, तेव्हापासून डोंगरावर कोणाचं वय आणि कोणाचा अनुभव बोलण्यावरून ठरवायचा नाही, हे मी शिकलोय. आपण ते शिकला नसाल. लिंगाणा राहिलाय. तो मी केलाय असं कधी म्हटलेलंही नाही. गेली नऊ वर्षं ग्लासगोत राहतो. मनरो, म्हणजे ३००० फुटांवरचे जे २८२ डोंगर इथले लोक वहीत टिचक्या मारत मोजतात, त्यातले एकेचाळीस झालेत. मी मिरवत नव्हतो. तुम्ही मोजायला लावलंत.

आणि उपमेबद्दल. मी लिहिलं होतं, “हरिहरच्या पायऱ्या चढलेल्याला यात फार नवीन काही नाही.” हे वाक्य दृष्टिभयाबद्दल होतं! पायाखाली काही नसल्याची सवय, एवढंच. हरिहरला हाताला कोरलेल्या खोबण्या आहेत आणि ऊनाख एगाखवर कोणी काही कोरून ठेवलेलं नाही, हे मला कळत नसेल असं आपल्याला खरंच वाटलं? दोन्हीकडे दगड ज्वालामुखीचाच, पण ग्लेन कोचा ज्वालामुखी सुमारे बेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी म्हातारा. हेही मला माहीत आहे. लेखात घातलं नाही, कारण लेख डोंगराचा होता, परीक्षेचा नव्हता.

मला गांभीर्य नाही म्हणता, तर मूळ लेखात न लिहिलेली एक गोष्ट सांगतो. धारेचं पूर्वेचं टोक म्हणजे अम बोडाख, ९४३ मीटर. नावाचा अर्थ ‘म्हातारा’. (योगायोग. तुमच्याबद्दल नाही.) खालचा रस्ता समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्याही आत, त्यामुळे दम तिथेच निघतो. आणि माथ्यावरून पश्चिमेला निघालं की लगेच उतरायचा कातळटप्पा. हजारो बुटांनी घासून तो देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत झालाय. मी ऐटीत दरीकडे तोंड करून उतरायला गेलो. दोन पावलांत गप वळलो, छाती कातळाला लावली आणि डावा पाय खाली सोडला. पायाला काही लागेना. बोटांखालचा दगड गार, ओलसर. नाकासमोर शेवाळाचा एक हिरवा ठिपका, तो मी किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही. बायको वर उभी, ती काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणजे काय ते मला माहीत आहे. मग खालून साठीच्या एक स्कॉटिश बाई म्हणाल्या, डावीकडे, अजून खाली, अजून थोडं, हं, आता टेक. टेकला. त्या हसल्याही नाहीत. पाठीवरची सॅक सारखी केली आणि पुढे निघून गेल्या.

तर मला भीती म्हणजे काय ते ठाऊक आहे. हे लेखात नव्हतं, कारण लेख आधीच लांबला होता.

बाकीचे मुद्दे पटकन. दोर न घेता बायकोला नेलं म्हणता. पहिली गोष्ट, तिला कोणी ‘नेत’ नाही, ती येते. दुसरी, सगळे मनरो पुरे करणारा पहिला माणूस म्हणून ज्यांचं नाव घेतात ते पाद्री रॉबर्टसन १९०१ साली याच धारेवर, म्याल जेरगच्या माथ्यावर शेवटचा मनरो करायला आले तेव्हा त्यांची बायको सोबत होती. असं सांगतात की त्यांनी आधी दगडांच्या राशीचा मुका घेतला, मग बायकोचा. त्यांनाही प्रतिक्रिया पाठवायची होती का?

साडेदहाला निघालो, उशीर झाला म्हणता. जून होता. तिथे जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. हिवाळ्याबद्दल लिहिलं नाही, कारण हिवाळ्यात गेलो नाही. तेव्हा बर्फाची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते, लागतात, तो वेगळाच धंदा. क्लाखेगच्या घळीच्या कडेने मी उतरलोच नाही. ती वाट निसरडी आणि बदनाम आहे, म्हणून पॅप नावाच्या शेजारच्या डोंगराकडच्या खिंडीतून लांबून आलो. नीट वाचलं असतंत तर दिसलं असतं. बचाव पथकाचे लोक स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत, हे मला शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या डब्यात मी दहा पौंड टाकलेत. आपण?

राहिलं एक. मधून कुठेही सुरक्षित उतरायला वाट नाही, एकदा धारेवर पाऊल टाकलं की पार करा नाहीतर तसेच उलटे या, हे मी लिहिलं नाही असा आपला आरोप. लिहिलं होतं. चौदाव्या फोटोच्या खाली. फोटोखालच्या ओळी कोणी वाचत नसेल तर मी काय करणार? तरी ती ओळ आता वर, पहिल्या परिच्छेदात, ठळक अक्षरांत घेतली आहे. हरिहरचं वाक्यही काढलंय.

आपल्या प्रतिक्रियेमुळे नव्हे. बायको म्हणाली म्हणून.