चिमण्या टॉवरमुळे गेल्या? दरवर्षी फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

२० मार्च जवळ आला की जागतिक चिमणी दिनाच्या शुभेच्छांसोबत एक मेसेज फिरायला लागतो, आमच्याकडे फॅमिली ग्रुपवर पण येतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर पण. मजकूर साधारण असा: मोबाईल टॉवरच्या लहरींनी चिमण्या मारल्या, भारतातून त्या नामशेष व्हायला आल्या, नेदरलँडमध्ये फाईव्ह-जीच्या चाचणीत शेकडो पक्षी पटापट मेले, चीनने चिमण्या मारल्या म्हणून दुष्काळात कोट्यवधी माणसं गेली, तेव्हा आजच गॅलरीत तांदूळ आणि पाणी ठेवा. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी असते यात मला शंका नाही, पण कारणच चुकीचं धरलं तर वर्षानुवर्षं टॉवरकडे बोट दाखवत बसू आणि चिमणीला जे हवंय ते आपल्याच आवारातून काढून टाकत राहू, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी टॉवर. ब्रिटनमध्ये चिमण्या कमी व्हायला लागल्या १९७० च्या दशकाच्या शेवटी शेवटी, आणि तिथे मोबाईल सेवाच सुरू झाली १९८५ मध्ये. मग सुरुवातीची घट टॉवरने कशी केली? त्याच्याही कितीतरी आधी, १९२० च्या सुमारास, युरोप-अमेरिकेतल्या शहरांत चिमण्या एकदा कमी झाल्याच होत्या, कारण घोडागाड्या जाऊन मोटारी आल्या आणि घोड्यांच्या तोबऱ्यातून सांडणारं ओट रस्त्यावरून नाहीसं झालं. म्हणजे माणसाची राहायची पद्धत बदलली की चिमणीवर परिणाम होतो, हे जुनंच आहे.

आता कोणी म्हणेल की टॉवरवर अभ्यास झालेत की. झालेत, ते लपवायचं कारण नाही. बेल्जियममध्ये २००७ साली एका पाहणीत जिथे सिग्नल तीव्र तिथे नर चिमण्या कमी दिसल्या, आणि २०१० मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयानेही तज्ज्ञ समिती नेमली, तिने सावधगिरी बाळगा असं सुचवलं. पण दोन गोष्टी एकाच ठिकाणी दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही ना, जिथे टॉवर दाट तिथे इमारती दाट, झुडपं कमी, माती कमी, हे सगळं एकत्रच येतं. आणि डोळ्यांनी बघायचं तर कुठल्याही एसटी स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनवर जा, वर टॉवर असतो आणि खाली भेळेच्या गाडीशी चिमण्यांचा थवा टिपत असतो, कारण तिथे पत्र्याखाली, लोखंडी तुळईच्या खाचेत घरट्याला जागा असते आणि खायला सांडलेलं असतं.

दुसरा मुद्दा, नामशेष. नाही! २०२० मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा मोठा अहवाल आला, देशभरातल्या हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला, त्यात चिमणीची संख्या २५ वर्षांहून जास्त काळ देशपातळीवर साधारण स्थिर आहे असं दिसलं. घट दिसली ती मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद या महानगरांत. आपण शहरात राहतो, आपल्या खिडकीत ती येत नाही, म्हणून देशातून गेली असं वाटतं. युरोपची गोष्ट वेगळी, तिथे १९८० पासून सुमारे २४ कोटी ७० लाख चिमण्या कमी झाल्याचा अंदाज २०२१ मध्ये आला, ती खरोखर काळजीची गोष्ट आहे.

नेदरलँडवाला मुद्दा लवकर संपतो. २०१८ च्या शरद ऋतूत द हेग शहरातल्या एका बागेत शेकडो स्टारलिंग पक्षी मेले हे खरं, पण तेव्हा तिथे फाईव्ह-जीची चाचणी चालू नव्हती, त्या शहरातली चाचणी त्याच वर्षी जूनमध्ये एक दिवस झाली होती. शिवाय त्या चिमण्या नव्हत्याच.

चीनबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. १९५८ मध्ये माओंच्या 'चार उपद्रवी जीव' मोहिमेत चिमण्याही होत्या, लोक थाळ्या, भांडी, ढोल बडवून त्यांना बसूच द्यायचे नाहीत, दमून त्या खाली पडायच्या. पुढे चिनी शास्त्रज्ञांनी त्यांची पोटं तपासून दाखवलं की त्या धान्याबरोबर ढीगभर किडेही खातात, आणि १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. (ती आपल्या घरातली चिमणी नाही, तिची चुलत बहीण, पण असो.) मात्र त्या महाभयंकर दुष्काळाचं सगळं खापर चिमण्यांवर फोडलं तर सरकारने शेतकऱ्यांकडून ओरबाडून नेलेलं धान्य, सक्तीची सामूहिक शेती, पोलादाच्या भट्ट्यांवर लावलेली शेतातली माणसं, हे सगळं झाकलं जातं. लाखो घरांनी उपाशी माणसं बघितली आहेत, तो इतिहास एका ओळीत नका गुंडाळू.

आता तांदूळ-पाणी. पाणी जरूर ठेवा, उन्हाळ्यात त्याची फार गरज असते. दाणे मोठ्या चिमणीला चालतात, पण पिल्लाला नाही चालत, पहिल्या काही दिवसांत त्याला मऊ अळ्या, मावा, कोळी असलंच लागतं. घरटं कधी जवळून पाहिलं असेल तर आठवा, आईबाप थोड्या थोड्या वेळाने चोचीत हिरवी अळी घेऊन येतात, पिल्लांची पिवळ्या कडेची तोंडं वर उघडतात, ती अळी आत गेली की लगेच पुन्हा उड्डाण. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात केलेल्या अभ्यासात हेच दिसलं, किडे मिळेनात म्हणून पिल्लं घरट्यातच उपाशी मरत होती. आणि ती अळी येणार कुठून? आपल्या सोसायट्यांत मेंदीचं कुंपण काढून ग्रिल लागतं, मोकळ्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसतात (मग धुळीत अंघोळ करायलाही जागा नाही), शोभेची परदेशी झाडं लावून त्यांच्यावर दर महिन्याला औषध मारतात. जुन्या घरात कौलं होती, वासे होते, भिंतीवर तिरक्या टांगलेल्या फोटोमागे जागा होती, अंगणात सुपाने धान्य पाखडलं जायचं. आताच्या काचेच्या इमारतीत तिने काडी अडकवायची कुठे?

एक शंका नेहमी येते की असे दिन पाळून होतं काय. हा दिन २०१० पासून जगात पाळला जातो, तो सुरू करण्यात पुढाकार नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीचा, आणि त्यामुळे साध्या चिमणीकडे लोकांनी लक्ष दिलं हे मी तरी मोठं काम मानतो. म्हणूनच त्या दिवशी चुकीचा मेसेज फिरला की जीव तुटतो.

लाकडी घरटं लावणार असाल तर भोक साधारण ३२ मिलिमीटरचं ठेवा, त्याहून मोठं झालं की साळुंकी घुसते, थेट ऊन लागणार नाही आणि मांजर पोचणार नाही अशा उंचीवर लावा, पंख्याजवळ अजिबात नको. आणि सोसायटीची मीटिंग असेल तेव्हा मेंदीचं कुंपण काढायचा विषय आला तर तेवढं अडवा, कोपऱ्यातली दोन हात माती उघडी ठेवा म्हणून सांगा, आणि औषध फवारणी सरसकट न करता लागेल त्या झाडापुरतीच करायला लावा.