मुलांना माती द्या, किट नको

उन्हाळी सुट्टी लागली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्कशॉपच्या जाहिराती सुरू होतात. वारली पेंटिंग दोन तासात, साहित्यासकट. पॉटरी फॉर किड्स, स्नॅक्स इन्क्लुडेड. फी कितीही असो, माझं त्यावर काही म्हणणं नाही, ज्याला परवडतं त्याने द्यावी. पण माती आधीच मळून ठेवलेली, चाक विजेवर फिरतंय, मागून ताई हात धरून मडकं काढून देतात, पोरगं फोटोपुरतं ओले हात दाखवतं आणि घरी येतं ते न भाजलेलं मडकं, वरून ॲक्रेलिक फासलेलं. त्यात पाणी ओतून बघा एकदा, थोड्या वेळात चिखल. मग मुलगा विचारतो की आजीच्या माठात कसं राहतं पाणी, आणि आपण म्हणतो गप्प बस.

त्याचं उत्तर कुंभारवाड्यात मिळतं. आमच्या बिल्डिंगमधली चारपाच पोरं घेऊन मी मध्ये एका कुंभारकाकांकडे गेले होते. मुलांना वाटत होतं माठ चाकावरच पूर्ण होतो. तसं नसतं हो. चाकावरून उतरतं ते जाड भिंतीचं, बुडाशी उघडंच असलेलं काहीतरी. ते जरा सुकू द्यायचं, मग आतून एका हाताने दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थापटत थापटत फुगवत न्यायचं, भिंत पातळ होत जाते आणि बूड हळूहळू मिटत येतं. काका बोलत होते आमच्याशी आणि हात आपला चालूच, ठप ठप ठप, एकाच लयीत. एका मुलीने थापटणं मागितलं, दिलं त्यांनी, तिने जोरात हाणलं आणि भोक पडलं. काका म्हणाले, "असू दे बाळा, परत मळू." आणि खरंच ते मडकं मोडून गोळ्यात टाकलं. हे वर्कशॉपमध्ये कोण करू देईल सांगा, तिथे प्रत्येकाला काहीतरी घरी न्यायचं असतं ना.

मग त्यांनी भाजलेला आणि कच्चा असे दोन माठ बोटाने वाजवून दाखवले. भाजलेला खणखणीत, कच्चा भद्द. पाणी धरतो तो हा भाजलेलाच. मला लगेच गोरोबाकाकांची गोष्ट सांगता आली, मुक्ताईच्या सांगण्यावरून त्यांनी सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून बघितलं आणि नामदेव कच्चं मडकं निघाले ती. पुस्तकातून सांगितली असती तर जांभया दिल्या असत्या, इथे पोरं एकमेकांची डोकी वाजवत सुटली. 😄

वारलीचंही तेच. दोन त्रिकोण जोडले की झाला माणूस, हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात आणि बहुतेक ठिकाणी तेवढंच शिकवतात. कॅनव्हासवर पांढऱ्या मार्करने तारपा नाच काढायचा आणि फ्रेम करायची. मुळात ते वारली आदिवासींनी लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर काढायचं चित्र, सवाशिणींनी काढलेला चौक, मध्ये पालघाट देवी, सोबत धवलेरीची, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईची, गाणी. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंनी ते १९७० च्या दशकात कागदावर आणलं, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणजे कागदावर काढू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण घरात एकदा तांदूळ भिजवून वाटा, पुठ्ठ्याला गेरू फासा, बांबूची काडी टोकाशी चावून कुंचला करून द्या पोरांना. ती काडी मार्करसारखी सरळ चालत नाही, मध्येच पीठ संपतं, रेघ तुटते, ओली असताना जेमतेम दिसते आणि वाळल्यावर पांढरी उमटते. ते वाट बघणं मुलांना फार आवडतं, आपल्यालाच घाई असते.

आणि खरं तर वेगळी ॲक्टिव्हिटी शोधायची गरजच काय? आपलं अख्खं वर्ष मातीचं आहे. बेंदराला, पोळ्याला मातीचे बैल, नागपंचमीला नाग, मग गणपती, घटस्थापनेची परडी, दिवाळीत किल्ला, संक्रांतीला सुगडं. यातलं निम्मं आपण रेडीमेड करून टाकलंय. परवा तर चक्क तयार किल्ला विकायला ठेवलेला पाहिला, बुरूज-बिरूज सगळं फिक्स! अहो किल्ल्यात मजा असते ती बिल्डिंगमागून माती चोरून आणण्यात आणि अळीव उगवलं का ते रोज सकाळी बघण्यात, मावळे काय शेवटी ठेवायचेच असतात.

शाळांबद्दल थोडं बोलते, नाव घेत नाही. माझ्या भाचीच्या शाळेत मातीचा बैल करून आणायला सांगितला. तिने स्वतः केला, एक शिंग मोठं एक छोटं, पाय जाड. बक्षीस मिळालं ते उघड उघड कुणाच्या तरी बाबांनी केलेल्या बैलाला. फिनिशिंग म्हणे! सातवर्षांच्या पोराच्या बैलाला कसलं आलंय फिनिशिंग? शाळेतच बसवा ना सगळ्यांना, एक घमेलं माती मध्ये ठेवा, पालकांना गेटबाहेर.

कुणी कुंभारवाड्यात जाणार असाल तर आधी विचारून जा. दिवाळीच्या तोंडावर नको, पणत्यांच्या गडबडीत त्यांना मान वर करायला वेळ नसतो. भर पावसातही नको, माल सुकत नाही आणि उघड्यावरचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लावता येत नाही. संक्रांत झाल्यावर माठांचं काम सुरू असतं तेव्हा जा. आणि त्यांचा अर्धा दिवस घेतलात तर त्याचे पैसे द्या, वर्कशॉपला देतो तसे, न कुरकुरता. "आम्ही माठ घेतला की एक" हे पैसे देणं नव्हे.