परत आले आणि माईक दुसऱ्यांच्या हाती दिला

'मिडनाइट ऑइल' या ऑस्ट्रेलियन बँडची 'डीझेल अँड डस्ट' ही कॅसेट आमच्याकडे दादाने आणली होती. रीळ गुंतलं की पेन्सिल घालून गुंडाळायचं आणि पुन्हा 'बेड्स आर बर्निंग' लावायचं. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांना त्यांची जमीन परत द्या, असं ते गाणं सांगतंय हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात हेच गाणं म्हणायला ते आले, तेव्हा त्यांच्या काळ्या कपड्यांवर 'सॉरी' लिहिलेलं होतं. पंतप्रधान समोर बसलेले, आणि मूळ रहिवाशांची माफी मागायला त्यांचा नकार.

२००२ मध्ये बँड थांबला. गायक पीटर गॅरेट खासदार झाला, पुढे पर्यावरणमंत्री. युरेनियमविरुद्ध आयुष्यभर उभ्या राहिलेल्या या माणसानेच २००९ मध्ये फोर माइल या युरेनियम खाणीला मंजुरी दिली. मला ते फार लागलं होतं. आजही लागतं.

म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये याच बँडचा 'द मकराटा प्रोजेक्ट' आला, तेव्हा मी मन घट्ट करूनच ऐकायला घेतला. अठरा वर्षांनी नवा अल्बम, त्यात गाणी फक्त सात, आणि प्रत्येक गाण्यात मूळ रहिवासी कलाकार. सिडनी शहर वसलंय ती जमीन गॅडिगल लोकांची. 'गॅडिगल लँड' या गाण्यात गॅडिगल कवी जोएल डेव्हिसन त्यांच्याच भाषेत बोलू लागतो. मला एक शब्द कळत नाही, पण अंगावर काटा येतो.

मकराटा म्हणजे भांडणानंतरचा समेट. योलंगु या मूळ रहिवासी लोकांचा हा शब्द, मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींनी काढलेल्या २०१७ च्या उलुरू निवेदनात आहे. मूळ रहिवाशांचा आवाज संसदेपर्यंत नेणारी संस्था राज्यघटनेतच असावी, ही त्या निवेदनातली मागणी. अल्बमच्या शेवटी ते निवेदन वाचलं जातं. मी कणीक मळत होते. गाणी संपली असं वाटून फोनकडे वळले, तर पॅट अँडरसन, पत्रकार स्टॅन ग्रँट, फुटबॉलपटू अ‍ॅडम गुड्स असे मूळ रहिवाशांचे एकेक आवाज येत गेले. गॅरेट वाचत नाही. पिठाचे हात तसेच धरून मी ओट्याशी उभी राहिले.

बँड परत येतात ते बहुतेक वेळा जुनी हिट गाणी घेऊन. यांनी परत येऊन जागा करून दिली. त्यामुळे ती खाण पुसली जात नाही, पण माझ्या मनात या माणसाबद्दल आदर परत आला, हे खरं आहे. अल्बम ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेला. तो आला त्यानंतर आठच दिवसांनी बेसिस्ट बोन्स हिलमन कॅन्सरने गेला.

१४ ऑक्टोबर २०२३ ला ऑस्ट्रेलियात झालेल्या सार्वमतात सुमारे ६० टक्के लोकांनी उलुरू निवेदनातल्या त्या मागणीला 'नाही' म्हटलं. गाण्यांनी काय होतं, असं मला तेव्हा दोघातिघांनी विचारलं. माझा भाचा मेलबर्नला असतो, आता तिथलाच नागरिक आहे. आदल्या रात्री मी त्याला तो शेवटचा ट्रॅक पाठवला होता. मतदानाच्या रांगेतून त्याचा मेसेज आला: "मावशी, दुसऱ्यांदा ऐकतोय. पुढे अजून वीसेक माणसं आहेत."